गाढवांनी चाटलेली भिंत

चुन्याला घाई चालत नाही आणि आखातातल्या क्लायंटला घाईशिवाय दुसरं काही चालत नाही. या दोघांच्या मध्ये उभं राहून मी माझी नोकरी केली. मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या कामातलं काहीतरी गमतीचं लिहा ना. ते गाढवांचंच लिहा!" एका कोजागरीला मी ते गाढवांचं सांगितलं होतं आणि मंडळी पोट धरून हसली होती. पण तेव्हा मी अर्धंच सांगितलं होतं, कारण हातात मसाला दूध असताना उरलेलं अर्धं कोणी ऐकलं नसतं. आज दोन्ही अर्धी लिहितो.

आधी कामाबद्दल. इथे सिव्हिल इंजिनिअर म्हटलं की लोक विचारतात, "कुठला टॉवर?" मी म्हणतो, टॉवर नाही हो, मी भिंती सारवतो. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी होतो. ऑफिस दुबईच्या देरा भागात, यार्ड आणि कामगारांची राहण्याची जागा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला आणि मी बायको-मुलीसह शारजात. मूळचा साताऱ्याकडचा. तिकडे नदीचे घाट आणि जुनी देवळं यांच्या चुन्याच्या कामात माझी उमेदवारी झाली. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, लोण्यासारखी होईपर्यंत मुरवायची आणि मग वाळूबरोबर मळून भिंतीवर पातळ थरांनी चढवायची. सिमेंट लगेच घट्ट होतं आणि भिंतीतली ओल आतच कोंडतं. चुना सावकाश घट्ट होतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. माझ्या सगळ्या विद्येचं सार एवढंच आहे, बाकीचा पगार धीर धरण्याचा मिळत होता.

किल्ला होता रास अल खैमाच्या डोंगरात, ओमानच्या हद्दीजवळ. किल्ला म्हटल्यावर आपल्याकडचे डोंगरी किल्ले डोळ्यांसमोर आणू नका. एक चौकोनी अंगण, दोन बुरूज, एका अंगाला शिपायांच्या खोल्या आणि दुसऱ्या अंगाला जनावरांचा तबेला. खिंडीतून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायला जुन्या काळी इथे फौजेची एक तुकडी असे. वर पाणी नाही. विहीर खाली वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात. पाणी वर यायचं ते गाढवांच्या पाठीवरून. पुढे डांबरी रस्ता झाला, तुकडीची गरज संपली, शिपाई गेले. गाढवं मात्र कोणी नेली नाहीत, ती तिथेच राहिली आणि वाढली.

आम्ही पहाड, म्हणजे मिस्त्रींना उभं राहायची परांची, बांधायला घेतला त्या दिवसापासून ती आमच्या कामावर हजर होती. शिवाय शेजारच्या वस्तीतल्या शेळ्या. मातीत मिसळायला आणलेलं गवत शेळ्यांनी खाल्लं. धोक्याची लाल-पांढरी पट्टी खाल्ली. चुना सावकाश सुकावा म्हणून भिंतीवर ओलं गोणपाट टांगतात, तेही खाल्लं. एक काळी शेळी पहाडाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन उभी राहिली आणि खाली उतरेना, तेव्हा दुपारचं निम्मं काम थांबवून सगळे मिस्त्री तिची मनधरणी करत बसले. गाढवांची तऱ्हा वेगळी. एक गाढव ओठांनी टाकीचा नळ उघडायला शिकलं होतं. ते नळ उघडायचं, बाकीची पाणी प्यायची आणि बंद करायला अर्थातच कोणी शिकलं नव्हतं. एकदा क्लायंटच्या वतीने काम तपासणाऱ्या कन्सल्टंटबाईंचा नकाशा एका पिल्लाने तोंडात धरून अंगणभर फिरवला. बाई पाठीमागे आणि आम्ही तोंडं वळवून हसतोय.

माझे मुख्य मिस्त्री रत्नागिरीचे याकूबभाई. त्यांचं माझं मराठीतूनच चालायचं. ते गाढवांना शिव्या द्यायचे, पण चपातीचे तुकडे त्यांच्यासाठी राखून ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "काय करूचा सायब, आपुन त्यांच्या घरात घुसलोय. ती नाय आपल्या घरात घुसली."

आणि या सगळ्यांच्या मागून रोज संध्याकाळच्या नमाजाआधी बाबा खमीस यायचे.

उंच, वाळकी देहयष्टी, डोक्याला पांढरं फडकं. दृष्टी जवळजवळ गेलेली. एका म्हाताऱ्या गाढवीच्या पाठीवर हात ठेवून ते खालच्या वस्तीतून चढण चढायचे. गाढवीचं नाव वर्दा, म्हणजे गुलाब. तिच्यात गुलाबासारखं काही नव्हतं. पण तिची चाल अशी होती की खड्डा आला की ती थांबायची, बाबा पायाने चाचपायचे, मग दोघं पुढे. बाबा खमीस या ठाण्यावर शिपाई होते, गाढवांचं पथक त्यांच्याकडे होतं. फौजेतल्या हिंदुस्थानी कंपाउंडरकडून आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून ते हिंदी शिकले होते. मला ते 'मुहंदिस' म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, "बाबा, ये गधे किसके हैं?"

"सरकार का."

"कौन सी सरकार?"

"जो सरकार को पानी मांगता था." आणि स्वतःच हसले.

आमचं दुरुस्तीचं काम सुरू होण्याआधी ते रोज किल्ल्याच्या आत जायचे. दारातून आत गेल्यावर वर्दाला सोडून द्यायचे आणि भिंतीवर तळवा टेकून चालायचे. शिपायांच्या खोल्यांवरून तबेल्यात, तबेल्यातून मागच्या बुरुजापाशी. तिथे बसायचं, खिंडीतला वारा अंगावर घ्यायचा आणि परत. आम्ही पहाड बांधल्यावर सेफ्टीच्या नियमामुळे त्यांना आत सोडता येईना. त्यांनी वाद घातला नाही. दाराबाहेरच्या दगडी ओट्यावर ते बसू लागले. "मैं फौजी है. ऑर्डर समझता है," म्हणाले. मी त्यांना चहा पाजायचो, ते मला कुठलं गाढव कोणाच्या पोटचं ते सांगायचे. डोळ्यांनी दिसत नसताना ते खुरांच्या आवाजावरून ओळखायचे.

एकदा मी विचारलं, या वयात एवढी चढण रोज कशाला चढता? तेव्हा त्यांनी मुलाशी झालेला करार सांगितला. मुलगा राशिद रास अल खैमा शहरात ऑफिसात नोकरीला, फ्लॅट मोठा, लिफ्ट, एसी, सगळं काही. बापाने तिकडे यावं असा त्याचा कित्येक वर्षांचा हट्ट. शेवटी बाप-लेकात ठरलं, की जोवर बाबा कोणाच्या मदतीशिवाय किल्ल्यावर जाऊन येतात तोवर त्यांनी वस्तीतच राहायचं. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी शहरात.

"शहर में क्या है, बाबा? आराम है," मी म्हणालो.

"आराम है," ते म्हणाले. "उधर मैं मेहमान है. इधर मैं खमीस है."

त्यानंतर रोज संध्याकाळी वर्दाच्या खुरांचा आवाज आला की मला बरं वाटायचं.

आता गुळाची गोष्ट. आपल्याकडे चुन्यात गूळ घालतात, हिरडा घालतात, बेलफळाचं पाणी घालतात, काही ठिकाणी उडदाचं पीठसुद्धा. गुळाच्या पाण्याने चुना मऊ राहतो, भिंतीला चांगला धरतो, तडे कमी जातात. हे आमच्या घाटांवर शेकडो वर्षं टिकलेलं आहे. मला त्याचा अभिमान होता, आणि अभिमान म्हटला की दाखवायची खाज आलीच. मी कन्सल्टंटबाईंना गुळाचा गिलावा सुचवला. यार्डात नमुन्याची भिंत केली. अशी तुकतुकीत झाली की बाईंनी हात फिरवून "ब्यूटिफुल" म्हटलं आणि लगेच मंजुरी दिली. याकूबभाई खूश, मी खूश. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या यार्डात एकही गाढव नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

ओल्या चुन्याने जीभ भाजते. गाढवांनी तो सुकू दिला. काही दिवस नुसती भिंतीजवळ येऊन हुंगून जायची, जणू चुना नीट सुकला का याच्या तपासणीला आलेली. मग एके सकाळी मी साइटवर पोचतो तर याकूबभाई कमरेवर हात ठेवून उभे.

"सायब, गाढवांनी सगली भिंत चाटलानी!"

बाहेरची लांबच लांब भिंत, माणसाच्या छातीच्या उंचीपर्यंत, ओरबाडल्यासारखी झाली होती. खाली शेळ्यांच्या जिभांची कामगिरी, वर गाढवांची. तबेल्याच्या बाहेरचा कोपरा तर पार दगडापर्यंत साफ. ही बातमी डोंगरात कशी पसरली ते मला कळलेलं नाही, पण आठवड्याभरात पलीकडच्या वादीतली, आम्ही कधी न पाहिलेली गाढवंही येऊ लागली. घरी सांगितलं तर माझी मुलगी म्हणाली, "बाबा, सो यू बेसिकली मेड देम अ बिस्किट?" कोजागरीला मी इथपर्यंत सांगितलं होतं आणि इथेच सगळे हसले होते.

देरातून सबनीस आले. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचे, माणूस वाईट नाही. भिंत पाहिली, घाम पुसला आणि म्हणाले, "शिरीष, ओपनिंग तोंडावर आलंय. क्लायंट म्हणतोय, अ‍ॅनिमल्स रिमूव्ह करा. ट्रक येईल, भरून नेतील, लांब कुठल्यातरी फार्मवर सोडतील. खलास."

"सर, गाढवांचा काय दोष? खाऊ आपण लावलाय भिंतीला."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"गिलावा खरवडतो. गुळाशिवाय पुन्हा करतो."

"वेळ?"

"बसवतो."

"आणि तरी आली तर?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, निदान तेव्हा तसं वाटलं. जनावरांना हव्या होत्या त्या दोनच गोष्टी, मीठ आणि पाणी. विहिरीचं पाणी मचूळ असल्यामुळे जुन्या भिंतींतही मीठ होतं. म्हणून तर ती पिढ्यान्‌पिढ्या भिंती चाटत आली होती. गुळाने फक्त मेजवानी वाढली. मीठ आणि पाणी दोन्ही खाली वादीत दिलं, तर ती वर कशाला येतील? सबनिसांनी क्लायंटशी फोनवर बराच वेळ बोलून मुदत मिळवली. तेवढ्या वेळात गाढवं भिंतीपासून लांब गेली तर ठीक, नाहीतर ट्रक.

त्या मुदतीत आम्ही जसं राबलो तसं मी आयुष्यात राबलो नाही. खरवडून काढताना याकूबभाईंच्या बोटांची सालटी निघाली. खाली विहिरीजवळ सावलीत सिमेंटचा हौद बांधला, सिमेंटचा मुद्दामच, आणि गुरांसाठी मिळणारे मिठाचे मोठे ठोकळे ठेवले. पहिल्या दिवशी शेळ्या आल्या. मग पिल्लं. मग नळ उघडणारं ते गाढव, त्याने हौदाला नळ नाही म्हणून जरा नाराजी दाखवली. मुदत संपायच्या आत सगळा कळप वादीत मुक्कामाला होता आणि नवी भिंत कोरी करकरीत उभी होती. ट्रक रद्द झाला. सबनिसांनी सगळ्यांना बिर्याणी खिलवली. एक जनावर न हलवता, एक काठी न मारता मी काम केलं म्हणून माझी छाती फुगली होती.

बिर्याणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा करून ओट्यावर बसलो. बाबा आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. मी खाली उतरलो.

ते हौदापाशी उभे होते, वर्दाच्या पाठीवर हात ठेवून. वर्दा मीठ चाटत होती.

"चलती नहीं," ते म्हणाले. "बोलता हूं चल, नहीं चलती."

का चालेल? म्हातारं जनावर. तिला वर जायचं कारण बाबांनी दिलेलं नव्हतंच. ती मिठासाठी आणि कळपासाठी चढत होती, बाबा तिच्याबरोबर जात होते. ते कारण मीच खाली आणून ठेवलं. मी दोरी बांधून तिला ओढू म्हणालो. बाबांनी मान हलवली. "रस्सी लगाया तो मेरे पीछे चलेगी. मेरे को उसके पीछे चलना है, मुहंदिस."

मी सबनिसांना फोन केला. मिठाचा एखादा ठोकळा वर, मागच्या बुरुजाबाहेर ठेवू द्या म्हणालो. ते म्हणाले, "एक ठेवलास की सगळी येतील, अरे तूच तर हे शोधून काढलंस." ते बरोबर बोलत होते. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

पुढचे काही दिवस मीच बाबांना हात धरून वर नेलं. त्यांनी कुरकूर केली नाही, पण ओट्यावर बसल्यावर ते बोलेनासे झाले. दुसऱ्याचा हात धरून येणं करारात बसत नाही, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

पहाड उतरला, अंगण झाडून झालं. मी म्हटलं, "बाबा, अब अंदर चलो. आपका किला तैयार है." खरं सांगतो, मला त्यांच्याकडून शाबासकी हवी होती. कन्सल्टंटबाईंची मिळाली होती, क्लायंटची मिळाली होती, पण त्या किल्ल्यात राहिलेल्या माणसाची नव्हती. त्यांनी दारात माझा हात सोडला. "अब मैं जाता है," म्हणाले आणि भिंतीवर तळवा टेकून चालू लागले.

चार पावलं गेले आणि थांबले. तळवा मागे नेला, पुढे नेला. पुन्हा चालले. शिपायांच्या खोलीचं दार आलं ते ओलांडून गेले, हे कुठलं दार ते त्यांना कळलं नाही. कोपऱ्यापाशी कमरेच्या उंचीवर हाताने काहीतरी शोधू लागले. तिथे पूर्वी गाढवांनी चाटून चाटून भिंतीत एक गुळगुळीत खोलगट वाटी झाली होती. मी ती अगदी सुरुवातीला पाहिली होती, मोजली होती आणि चांगल्या मसाल्याने भरून घेतली होती. अशा कितीतरी जागा आम्ही भरल्या होत्या. उखडलेला गिलावा, बाहेर आलेला दगड, खुंटीचं भोक. नुकसान म्हणून नोंदवायचं आणि दुरुस्त करायचं, हेच तर माझं काम. तबेल्याच्या दाराऐवजी ते सरळ भिंतीवर गेले आणि त्यांचं कपाळ हलकेच तिच्यावर आपटलं.

मी धावलो. याकूबभाई माझ्या आधी पोचले होते.

बाबा खमीस भिंतीकडे तोंड करून तसेच उभे होते. दोन्ही तळवे भिंतीवर. मग सावकाश म्हणाले, "बहुत साफ काम है, मुहंदिस. बहुत अच्छा काम है." आणि जरा वेळाने, "तबेला किधर गया?"

याकूबभाईंनी त्यांना खांद्याला धरून तबेल्याच्या दाराकडे वळवलं. ते आत गेले नाहीत. "खलास," म्हणाले, "नीचे ले चलो."

माझ्या धंद्यात एक प्रश्न नेहमी विचारतात, इमारत कुठल्या काळाची म्हणून जपायची? बांधली तेव्हाची, की लढाई झाली तेव्हाची? परिसंवादांत मी यावर तोंड भरून बोललेलो आहे. जो माणूस तिच्यात अजून रोज येतो त्याच्या काळाची, असं उत्तर मला एकदाही सुचलं नव्हतं. भिंत बोटांनी ओळखणारा एक माणूस माझ्या शेजारी चहा पीत बसायचा आणि मी त्याला ती भिंत कशी होती, कुठे हात ठेवायचात, हे एकदाही विचारलं नाही. सेफ्टीचा नियम पाळला, एवढंच केलं.

समारंभ छान झाला. फिती, भाषणं, फोटो. पाहुण्यांनी पांढऱ्या भिंतींवरून हात फिरवले. एकही जनावर वर आलं नाही.

त्याच आठवड्यात राशिद गाडी घेऊन वस्तीत आला. मी शेवटचं सामान ट्रकवर चढवून खाली उतरत होतो. बाबा पुढच्या सीटवर बसलेले, पट्टा लावलेला, हात मांडीवर. मी खिडकीशी जाऊन सलाम केला. त्यांनी माझा हात हातात घेतला, तळव्यावरून बोट फिरवलं आणि सोडला. चुन्याने खरबरीत झालेला हात त्यांना ओळखू आला असावा.

राशिद गाडीला वळसा घालून माझ्याकडे आला. सुशिक्षित, नम्र माणूस. खजुराची मोठी पेटी माझ्या हातात दिली आणि इंग्रजीतून म्हणाला, "किती वर्षं आम्ही त्यांची समजूत घालत होतो. डॉक्टर सांगून थकले, आई गेली तेव्हाही ते हलले नाहीत. परवा स्वतः फोन केला आणि म्हणाले, ये, मला घेऊन जा. तुम्ही त्यांना काय सांगितलंत मला माहीत नाही. पण आमचं सगळं घर तुमचे आभार मानतंय."

मी पेटी घेतली आणि सवयीने म्हणालो, "नो प्रॉब्लेम."